गोळा पडत का नाही? मिक्स्ड रिअ‍ॅलिटीच्या धड्यातली स्क्रिप्ट बदलताना

धड्यात सांगितलेले सगळे केलेले असते. युनिटी, म्हणजे गेम आणि थ्रीडी अ‍ॅप बनवायचे सॉफ्टवेअर, उघडली, गोळा हवेत टांगला, स्क्रिप्ट कॉपी करून चिकटवली, सेव्हही केली. प्ले दाबले, तर गोळा आहे तिथेच. कन्सोलमध्ये, म्हणजे युनिटीच्या संदेशांच्या खिडकीत, लाल अक्षरांत काही तक्रार असती तर शोधायला धागा तरी मिळाला असता. तीही नाही.

नवशिक्यांचे मला येणारे प्रश्न बहुतेक याच जागेवरचे असतात. त्यांना युनिटी अजिबात येत नाही असे नसते, स्क्रिप्ट जिच्यात लिहितात ती सी शार्प भाषाही थोडीफार वाचता येते. धड्यातला कोड आपल्या फाईलमध्ये नेमका कुठे बसवायचा, त्यातले काय बदलायचे आणि बदलले ते लागू झाले की नाही हे कसे ओळखायचे, इथे गाडी अडते. म्हणून हा लेख मिक्स्ड रिअ‍ॅलिटीच्या, म्हणजे खऱ्या खोलीत आभासी वस्तू दाखवणाऱ्या, हेडसेटबद्दल कमी आणि त्या तीस-चाळीस ओळींच्या फायलींबद्दल जास्त आहे.

उदाहरणाला मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स या हेडसेटसाठीचा ओरिगामी धडा घेते. २०१६ साली होलोलेन्सची पहिली आवृत्ती डेव्हलपरांच्या हाती आली, त्या काळातला हा धडा. कागदाच्या घड्या घालून केलेले आकार, त्यांच्या वर तरंगणारे दोन गोळे. गोळ्याकडे बघायचे, हवेत बोटाने टिचकी मारायची, की गोळा पडतो आणि घड्यांवरून घरंगळत जातो. शेवटच्या भागात तर जमीन फुटून खालचे पाताळ दिसते. धडा जुना झाला, होलोलेन्स २ चे उत्पादनही मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवले. तरी मी तोच घेते, कारण त्यातल्या स्क्रिप्ट छोट्या आहेत आणि एक स्क्रिप्ट एकच काम करते. तुमच्याकडे क्वेस्ट ३ हेडसेट असला किंवा काहीच नसले तरी इथले बहुतेक सगळे साध्या लॅपटॉपवर करून बघता येईल.

एक गोष्ट आधीच सांगते. कोडमधले शब्द मी मुद्दाम उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या पडद्यावर ते रोमन लिपीत असतील. त्यामुळे इथून काही उचलून चिकटवता येणार नाही. ते एका परीने बरेच आहे.

हात लावण्याआधी

प्रोजेक्टची एक प्रत काढून ठेवा. युनिटी बंद करा आणि प्रोजेक्टचे पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. त्यातले लायब्ररी नावाचे फोल्डर वगळले तरी चालते, युनिटी ते पुन्हा तयार करते, आणि सगळ्यात जास्त जागा बहुधा तेच खात असते. गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर, येत असेल तर उत्तमच.

मग युनिटीला सांगा की स्क्रिप्ट कशात उघडायची. एडिट मेनू, प्रेफरन्सेस, एक्स्टर्नल टूल्स. तिथे सर्वांत वर एक्स्टर्नल स्क्रिप्ट एडिटर असते, त्यात व्हिज्युअल स्टुडिओ किंवा व्हीएस कोड निवडा. पुष्कळ जण ही पायरी गाळतात, कारण ती न करताही फाईल उघडते. पण तेव्हा एडिटरला युनिटीची काहीच ओळख नसते. तो पुढचे शब्द सुचवत नाही, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढत नाही. व्हिज्युअल स्टुडिओत फाईलच्या वर डाव्या कोपऱ्यात ‘मिसलेनियस फाइल्स’ असे दिसले, तर समजा की जोडणी झालेली नाही. नवशिक्याने या सुचवण्यांशिवाय कोड लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्पेलिंग पाठ करण्यात काही पुरुषार्थ नाही.

स्क्रिप्टचे नाव विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बदलू नका. प्रत्येक स्क्रिप्टसोबत तिची एक मेटा फाईल असते आणि युनिटी स्क्रिप्टला नावाने नाही, त्या मेटातल्या क्रमांकाने ओळखते. बाहेरून नाव बदलले की जोडी फुटते आणि गोळ्यावर ‘मिसिंग स्क्रिप्ट’ उरते. नाव बदलायचे ते युनिटीच्या प्रोजेक्ट खिडकीतच. तिथे बदलल्यावर फाईल उघडून क्लासचे नावही तेच करा. फाईलचे नाव एक आणि क्लासचे दुसरे, असे ठेवू नका.

गोळा टांगणे

नवा थ्रीडी सीन घ्या. गेमऑब्जेक्ट मेनूतून एक स्फिअर, म्हणजे गोळा, आणि एक प्लेन, म्हणजे सपाट जमीन, आणा. कॅमेऱ्याची पोझिशन ०, ०, ० करा. युनिटी त्याला स्वतःहून १ मीटर वर आणि १० मीटर मागे ठेवते, पण हेडसेटमध्ये कॅमेरा म्हणजे तुमचे डोके, आणि सगळी अंतरे आपण तिथूनच मोजणार आहोत. गोळा ०, ०, २ वर ठेवा आणि त्याचे स्केल तिन्ही बाजूंनी ०.१५ करा. प्लेन उंचीत उणे १.५ वर.

हे आकडे मनाला येतील तसे टाकले तर काय बिघडते, हे इथेच सांगून टाकते, कारण मिक्स्ड रिअ‍ॅलिटीत ही चूक स्क्रिप्टच्या चुकीसारखी दिसते. युनिटीतला १ आकडा म्हणजे खऱ्या खोलीतला १ मीटर. स्केल १ ठेवलेला गोळा म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात एक मीटर रुंदीचा फुगा. आता समजा, कोणी दीड मीटरचा गोळा २० मीटर लांब ठेवला. लॅपटॉपच्या पडद्यावर तो आणि २ मीटरवरचा १५ सेंटीमीटरचा गोळा हुबेहूब सारखे दिसतील. पण छोटा गोळा दीड मीटर खाली पडायला साधारण ०.५५ सेकंद घेतो. तोच देखावा दहापट मोठा करून मांडला, तर गोळ्याला १५ मीटर पडायचे असते आणि त्याला जवळजवळ १.७५ सेकंद लागतात. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे तेच, ९.८१. मग मंडळी स्क्रिप्टमध्ये ‘वेग’ शोधत बसतात, गोळा कापसासारखा का उतरतो म्हणून. स्क्रिप्ट बरोबरच असते.

पहिली ओळ, फक्त एक

गोळा निवडा. उजवीकडच्या इन्स्पेक्टरमध्ये खाली अ‍ॅड कंपोनंट, मग न्यू स्क्रिप्ट. नाव धड्याप्रमाणेच द्या, स्फिअरकमांड्स, मधे जागा न सोडता. स्क्रिप्टवर डबल क्लिक करा.

समोर उघडेल ते असे वाचा. वर यूजिंगने सुरू होणाऱ्या एक-दोन ओळी, म्हणजे कोणत्या कपाटातली अवजारे वापरणार ते. मग क्लासची ओळ आणि तिच्या शेवटी विसर्गासारखे चिन्ह देऊन मोनोबिहेवियर. हा शब्द तिथे आहे म्हणूनच स्क्रिप्ट गोळ्यावर चिकटू शकते. मग एक महिरपी कंस उघडतो, आत स्टार्ट (सुरुवातीला एकदा चालणारे) आणि अपडेट (दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवे चित्र येते तितक्या वेळा चालणारे) ही दोन फंक्शने, प्रत्येकाचे आपापले महिरपी कंस, आणि अगदी शेवटी क्लासचा कंस बंद.

स्पेलिंगची एक गंमत आहे. मोनोबिहेवियर ब्रिटिश पद्धतीने, म्हणजे त्यात यू आहे. पण रंगासाठी युनिटीत जो कलर आहे तो अमेरिकन, बिनयूचा. शाळेत आपण रंगाचे स्पेलिंग यूसकट शिकलो, त्यामुळे हात आपोआप तसाच टाइप करतो आणि कन्सोल ओरडतो.

आता स्टार्टच्या कंसांमध्ये एक ओळ लिहा:

डीबग.लॉग("गोळा जागा झाला");

अवतरणातला मजकूर मराठीत लिहिलात तरी चालेल. सेव्ह करा. फाईलच्या टॅबवरची चांदणी किंवा ठिपका गेला का ते बघा. मग युनिटीच्या खिडकीत परत या आणि थांबा. खाली उजव्या कोपऱ्यात चक्र फिरेल, ते थांबेपर्यंत प्ले दाबू नका. मग प्ले. कन्सोलमध्ये तुमचे वाक्य आले, म्हणजे तीन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या: फाईल सेव्ह झाली, युनिटीने ती वाचली आणि ती गोळ्याला खरोखर जोडलेली आहे.

वाक्य आले नाही तर पुढची एकही ओळ लिहू नका. मी एकदा पूर्ण संध्याकाळ एका स्क्रिप्टशी झगडले आणि शेवटी कळले की मी प्रोजेक्टच्या कालच्या प्रतीतली फाईल बदलत होते. हो, वर काढायला सांगितली तीच प्रत. तेव्हापासून कुठल्याही स्क्रिप्टमध्ये माझा पहिला बदल म्हणजे ही लॉगची ओळ. काम झाल्यावर ती पुसायची.

गोळा पाडणे

धड्यातल्या स्क्रिप्टचा गाभा ऑनसिलेक्ट नावाच्या फंक्शनमध्ये आहे. मराठीत सांगायचे तर: या गोळ्याला रिजिडबॉडी नसेल तर एक जोड, आणि तिची टक्कर ओळखायची पद्धत कंटिन्युअस कर. रिजिडबॉडी म्हणजे गोळ्याला वजन आणि गुरुत्वाकर्षण लागू करणारा कंपोनंट. तो नसतो तोवर गोळा निवांत तरंगत राहतो, जोडला की पडतो. गोळा पाडण्याची सगळी करामत एवढीच.

कंटिन्युअस कशासाठी? युनिटी टकरीचा हिशेब मुळात दर ०.०२ सेकंदांनी करते. दीड मीटर पडून आलेला गोळा एवढ्या वेळात जवळपास ११ सेंटीमीटर पुढे सरकतो. खाली कागदाची पातळ घडी असेल तर एका हिशेबात गोळा तिच्या वर आणि पुढच्या हिशेबात खाली, अशी चुकामूक होऊ शकते. कंटिन्युअसमध्ये मधल्या वाटेचाही विचार होतो.

हे फंक्शन लिहा. पण कुठे? या प्रश्नावरच बहुतेकांचा गोळा अडकलेला असतो. ते क्लासच्या कंसांच्या आत, पण स्टार्ट आणि अपडेट यांच्या बाहेर हवे. शेजारी शेजारी तीन खोल्या असाव्यात तसे. नवशिके ते स्टार्टच्या पोटात चिकटवतात, कारण कर्सर तिथे असतो. आणि दुर्दैव असे की हल्लीच्या सी शार्पमध्ये फंक्शनच्या आत फंक्शन लिहिलेले चालते. म्हणून लाल एरर येत नाही. फक्त एक पिवळी सूचना येते, की हे आतले फंक्शन कुठे वापरलेले दिसत नाही. पिवळ्याकडे कोण बघतो! युनिटीला मात्र ते आतले फंक्शन बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ते कधीच चालत नाही. सुरुवातीला सांगितलेला, काहीही तक्रार न करता तरंगत राहणारा गोळा बऱ्याचदा असाच असतो.

तपासायला सोपी युक्ती: एडिटरमध्ये एका महिरपी कंसाशेजारी कर्सर न्या, त्याचा जोडीदार कंस उजळतो. ऑनसिलेक्ट ज्या ओळीवर सुरू होते तिच्या आधी स्टार्टचा कंस बंद झालेला दिसला पाहिजे.

आता हे फंक्शन चालवणार कोण? धड्यात ते काम गेझजेश्चरमॅनेजर ही दुसरी स्क्रिप्ट करते. ती टिचकी ओळखते आणि समोरच्या वस्तूला ‘ऑनसिलेक्ट’ असा निरोप धाडते. आपल्याकडे अजून हेडसेट नाही, म्हणून अपडेटमध्ये आपणच तो निरोप पाठवू: स्पेस बार दाबला गेला असेल तर सेंडमेसेज("ऑनसिलेक्ट"). अवतरणातला शब्द अर्थात रोमनमध्ये, आणि फंक्शनच्या नावाशी तंतोतंत जुळणारा. ओ मोठा, एस मोठा, बाकी लहान.

या निरोपाच्या पद्धतीत एक खोट आहे. अवतरणातला मजकूर संगणकाच्या लेखी नुसती अक्षरे असतात, ती फंक्शनच्या नावाशी जुळतात का हे कोड तपासताना बघितले जात नाही. त्यात धड्यातल्या स्क्रिप्टमध्ये तर निरोपासोबत ‘घेणारा कोणी नसला तरी चालेल’ असा पर्यायही दिलेला आहे. म्हणजे तुम्ही फंक्शनचे नाव हौसेने बदललेत आणि निरोपातले तसेच राहिले, तर निरोप हवेत विरतो आणि कोणालाच काही कळत नाही. स्टार्ट, अपडेट, ऑनकोलिजनएंटर या युनिटीच्या ठरलेल्या नावांचेही तसेच. स्टार्टचा एस लहान पडला तर तो युनिटीसाठी तुमचा कोणीतरी खासगी स्टार्ट होतो. एरर नाही, फंक्शनही चालत नाही.

स्पेस बारसाठी इंटरनेटवरच्या बहुतेक धड्यांत इनपुट.गेटकीडाउन दिसेल. तुमचा प्रोजेक्ट नव्या इनपुट सिस्टिमवर असेल तर प्ले दाबताच कन्सोलमध्ये दर फ्रेमला एक अशा लाल ओळींचा पाऊस पडतो. घाबरू नका. एडिट, प्रोजेक्ट सेटिंग्स, प्लेयर, तिथे अदर सेटिंग्समध्ये अ‍ॅक्टिव्ह इनपुट हँडलिंग शोधून ‘बोथ’ करा. युनिटी बंद होऊन पुन्हा उघडेल. शिकण्यापुरते हे पुरे.

प्ले करा, पडद्यावरच्या गेम खिडकीत एकदा क्लिक करा आणि स्पेस दाबा. ते मधले क्लिक विसरले तर दाबलेली कळ गेमपर्यंत पोचत नाही.

आकडा बदलला, तरी फरक का पडत नाही

गोळा पडण्याआधी स्वतःभोवती फिरायला हवा असे समजू. क्लासमध्ये वर एक पब्लिक फ्लोट व्हेरिएबल घ्या, किंमत ३०. अपडेटमध्ये गोळ्याला ट्रान्सफॉर्म.रोटेटने उभ्या अक्षाभोवती तेवढे अंश फिरवा, पण त्याला टाइम.डेल्टाटाइमने गुणा. गुणले नाही तर आकडा दर फ्रेमला लागू होतो. १ अंश म्हणजे ६० फ्रेमच्या पडद्यावर सेकंदाला ६० अंश, ७२ हर्ट्झच्या हेडसेटवर ७२, ९० च्या हेडसेटवर ९०. लॅपटॉपवर शोभणारा वेग हेडसेटमध्ये गरगरायला लावतो तो असा. एकरंगी गोळा फिरतोय हे दिसणार नाही, म्हणून त्याला चाइल्ड म्हणून, म्हणजे त्याच्याबरोबर हलेल असा, एक छोटा क्यूब जोडा किंवा त्याच्यावर एखादे चित्र लावा.

आता स्क्रिप्टमध्ये ३० चे ९० करा, सेव्ह, परत, प्ले. वेग तोच! पुन्हा सेव्ह करता, युनिटी बंद करून उघडता, तरी तोच.

कारण असे: पब्लिक व्हेरिएबल इन्स्पेक्टरमध्ये एका चौकटीत दिसते. स्क्रिप्ट गोळ्याला जोडली त्या क्षणी, किंवा ते व्हेरिएबल पहिल्यांदा दिसले तेव्हा, युनिटीने ३० हा आकडा त्या चौकटीत उतरवून घेतला. तिथून पुढे सत्ता चौकटीची. स्क्रिप्टमधला आकडा फक्त नव्याने जोडणाऱ्यांसाठी. म्हणून आकडा बदलायचा तर इन्स्पेक्टरमध्ये बदला, नाहीतर कंपोनंटच्या उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांतून रीसेट करा, म्हणजे स्क्रिप्टमधले आकडे पुन्हा उतरतील. रीसेट सगळ्याच चौकटींवर चालतो, हे लक्षात घेऊन. ओरिगामीत दोन गोळे आहेत आणि दोघांना एकच स्क्रिप्ट, पण चौकटी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. एकाचा आकडा बदलून दुसरा का बदलला नाही असे विचारू नका.

आणि हा आकडा प्ले चालू असताना बदलू नका. म्हणजे बदला, हवा तो वेग सापडेपर्यंत खुशाल खेळा, पण प्ले थांबवले की सगळे पूर्ववत होते. सापडलेला आकडा कागदावर लिहा, प्ले थांबवा आणि मग भरा. प्रेफरन्सेसमध्ये कलर्सखाली प्लेमोड टिंट आहे, त्याला एखादा भडक रंग द्या. प्ले चालू असताना सगळी खिडकी त्या रंगाची दिसते आणि विसरायला वाव राहत नाही.

नजरेचा किरण

धड्यातला बघण्याचा भाग ऐकायला जादूसारखा आहे, आत मात्र एकच हिशेब. डोक्याच्या जागेपासून डोके वळले आहे त्या दिशेने एक अदृश्य किरण सोडायचा, फिजिक्स.रेकास्ट वापरून, आणि तो कशाला लागला ते विचारायचे. डोके म्हणजे कॅमेरा.मेन. किरण लागायला समोरच्या वस्तूला कोलायडर, म्हणजे टक्कर ओळखू देणारा कंपोनंट, हवा. युनिटीच्या मेनूतून आणलेल्या गोळ्याला तो असतोच, बाहेरून आणलेल्या मॉडेलला बहुधा नसतो.

इथली चूक खास मिक्स्ड रिअ‍ॅलिटीची आहे. नव्या धड्यांत एक्सआर ओरिजिन नावाची वस्तू सीनमध्ये आणतात, तिच्या आत डोक्याबरोबर हलणारा कॅमेरा असतो. सोबत जुना मेन कॅमेरा काढायला सांगितलेले असते, तो राहून जातो. आता ‘मेनकॅमेरा’ असा टॅग असलेले दोन कॅमेरे झाले आणि कॅमेरा.मेन त्यातला जुनाच पकडू शकतो. मग तुम्ही मान कितीही वळवा, किरण आपला समोरच्या भिंतीकडेच. जुना काढा आणि नव्यावर तो टॅग आहे ना, ते बघा.

जुन्या धड्यातला कोड नव्या युनिटीत

ओरिगामीचा कोड आजच्या युनिटीत जसाच्या तसा टाकला तर पहिल्या ओळींपासूनच लाल होईल. टिचकी ओळखणारी अवजारे आधी व्हीआर.डब्ल्यूएसए नावाच्या कपाटात होती. युनिटी २०१७.२ मध्ये ते कपाट एक्सआर.डब्ल्यूएसए झाले, त्यातले टॅप्डइव्हेंट बाजूला पडून टॅप्ड आले, आणि २०२० च्या आवृत्त्यांपासून हे कपाटच नाही. इथे नाव बदलून भागणार नाही. तो भाग सोडून द्या आणि टिचकीच्या जागी आपण घेतला तसा स्पेस बार, किंवा हेडसेट असेल तर युनिटीचे एक्सआर इंटरॅक्शन टूलकिट हे पॅकेज वापरा. पण स्फिअरकमांड्स बघा, तिच्यात होलोलेन्सचे काहीच नाही, ती आजही चालते. जुना धडा हाती आला की मी आधी हीच वाटणी करते: कोणत्या ओळी यंत्राशी बोलतात आणि कोणत्या फक्त गोळ्याशी.

काही ठिकाणी नुसते नावच बदलले आहे. युनिटी ६ मध्ये रिजिडबॉडीचे व्हेलॉसिटी आता लिनियरव्हेलॉसिटी झाले, ड्रॅगचे लिनियरडँपिंग. फाइंडऑब्जेक्टऑफटाइपच्या जागी फाइंडफर्स्टऑब्जेक्टबायटाइप. अशा बदलांसाठी युनिटी कधी कधी स्वतःच विचारते, स्क्रिप्ट सुधारून देऊ का. प्रत काढलेली असेल तर हो म्हणा.

लाल ओळी वाचणे

कन्सोलमध्ये पंचवीस एरर दिसल्या तरी फक्त सर्वांत वरची वाचा. एक अर्धविराम राहिला तर पुढचे वाक्यच बिघडते आणि उरलेल्या एरर त्याचीच पिल्ले असतात. पहिली दुरुस्त करा, सेव्ह करा, पुन्हा बघा. आणि एररची स्क्रिप्ट तुमच्या गोळ्याची नसली तरी प्ले चालणार नाही. प्रोजेक्टमधली एक स्क्रिप्ट मोडली की सगळ्यांचा खोळंबा.

ओळीवर डबल क्लिक केले की एडिटर त्या जागी नेतो. सीएस१००२ म्हणजे अर्धविराम राहिला. सीएस०१०३ म्हणजे हे नाव मला माहीत नाही, बहुधा स्पेलिंग किंवा मोठे-लहान अक्षर. सीएस०२४६ म्हणजे हा प्रकारच सापडत नाही: वरची यूजिंगची ओळ राहिली, पॅकेज बसवलेले नाही, किंवा बिहेवियरमधला यू गेला. सीएस१५१३ म्हणजे महिरपी कंस कमी, आणि इथे मात्र आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एरर फाईलच्या शेवटच्या ओळीवर दाखवतात आणि कंस राहिलेला असतो मधेच कुठेतरी. वर सांगितलेली जोडीदार कंसाची युक्ती वापरा.

सीएस१०५६ आपल्याकडे जरा जास्त भेटते. अनपेक्षित अक्षर सापडले, असा तिचा अर्थ. एक कारण वेबवरून किंवा वर्डमधून आलेली वाकडी अवतरणचिन्हे, ती पुसून कळफलकावरून सरळ टाका. दुसरे कारण मराठी कळफलक चालू राहिल्याने आलेला देवनागरी आकडा. तुम्हाला ३० दिसते, सी शार्पला ते ३० वाटत नाही. गंमत म्हणजे देवनागरी अक्षरे मात्र त्याला चालतात. ‘गोळा’ नावाचे व्हेरिएबल देवनागरीत लिहून बघा, बिनतक्रार चालते. पण दर शब्दाला कळफलक बदलावा लागतो, म्हणून मी ते करत नाही. टिपणे मात्र मराठीत लिहिते. दोन तिरप्या रेघांनंतरचे काहीही संगणक वाचत नाही, आणि सहा महिन्यांनी ते वाचायचे मलाच असते.

प्ले चालू असताना येणाऱ्या एरर वेगळ्या. ‘अनअसाइन्ड रेफरन्स’ आले तर इन्स्पेक्टरमध्ये एखादी चौकट रिकामी आहे, आणि कोणती ते संदेशातच लिहिलेले असते. ‘नल रेफरन्स’ एवढे सांगत नाही. त्या ओळीत टिंबांच्या आधी जे जे शब्द आहेत, त्यांतले काहीतरी रिकामे आहे. प्रत्येकाला लॉग करून बघा.

हेडसेटवर, आणि मदत मागताना

हेडसेटवरचे अ‍ॅप म्हणजे तुम्ही बिल्ड केले त्या क्षणाची स्क्रिप्ट. नंतर कितीही बदल सेव्ह केलेत तरी पुन्हा बिल्ड करून चढवेपर्यंत हेडसेटमध्ये जुनाच गोळा. बिल्डला वेळ लागतो, म्हणून लॅपटॉपवर तपासता येईल ते सगळे तिथेच तपासा. पार्श्वभूमीचाही एक फरक आहे. होलोलेन्सची काच पारदर्शक, तिला काळा रंग म्हणजे ‘काहीच नाही’, म्हणून कॅमेऱ्याची पार्श्वभूमी काळी ठेवतात. क्वेस्टवर खोली कॅमेऱ्यातून येते, तिथे पार्श्वभूमीच्या रंगाचा अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, शून्य हवा. तो राहिला तर खोलीच्या जागी आकाश किंवा नुसता रंग दिसतो, आणि पुन्हा दोष स्क्रिप्टला.

अडलात तर विचारा, पण ताकाला जाऊन भांडे लपवू नका. ‘गोळा पडत नाही, काय करू’ एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. युनिटीची नेमकी आवृत्ती, पहिल्या एररचा पूर्ण मजकूर, स्क्रिप्ट पूर्ण आणि मजकूर म्हणून, मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो नको. गोळा निवडलेला असतानाचा इन्स्पेक्टरचा स्क्रीनशॉट. आणि शेवटचे चालत होते तेव्हापासून काय बदलले. आणि तुम्ही मदत करणारे असाल तर माऊस हातात घेऊ नका. कंस कुठे बंद होतो ते त्यालाच शोधू द्या, मग वेळ लागला तरी चालेल.

हे सगळे जमले की पुढचे काम: आर दाबल्यावर गोळा परत वर. स्टार्टमध्ये त्याची मूळ जागा एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, ऑनरीसेट नावाचे फंक्शन लिहा, त्यात रिजिडबॉडी असेल तर आधी तिचे इजकायनेमॅटिक चालू करा, मग ती डिस्ट्रॉय करा आणि गोळ्याला मूळ जागी ठेवा. कायनेमॅटिक आधी का? डिस्ट्रॉय लगेच होत नाही, फ्रेमच्या शेवटी होतो. फंक्शन कुठे लिहायचे ते सांगत नाही.